डीएक्स-७ची बॅटरी बदलली, सनई थोडक्यात वाचली

परवा माझ्या यामाहा डीएक्स-७ सिंथेसायझरवर फंक्शन (सेटिंग्ज) मोडमध्ये जाऊन १४ नंबरचं बटण दाबलं, तर बॅटरी २.४ व्होल्ट. नवी असते तेव्हा ३च्या वर दाखवते. १९८३ सालचं हे मॉडेल. आतले ३२ आवाज साध्या रॅममध्ये राहतात, आणि प्लग काढला की त्या रॅमला धरून ठेवते ती एक सीआर२०३२, म्हणजे नाण्यासारखी लिथियम बॅटरी, तीही बोर्डाला सोल्डर केलेली.

कंपनीचे आवाज गेले असते तर दुःख नव्हतं, ते परत मिळतात. पण ११ नंबरला माझी सनई आहे. सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात वाजवायला म्हणून तीन हिवाळे ऑपरेटरांशी (आवाज घडवणाऱ्या यातल्या घटकांशी) झटापट करून बसवलेली. ती कागदावर उतरवलेली नाही, हा शहाणपणा माझाच.

म्हणून आधी आवाज बाहेर काढायचे. फंक्शन, मग ८ दाबत जायचं, सिस्टीम इन्फो ‘अव्हेलेबल’ करायचं, पुन्हा ८ दाबलं की ‘मिडी ट्रान्समिट?’ (मिडी म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर जोडायची पद्धत) विचारतं, तिथे यस. कॉम्प्युटरवर फाइल आली, मी खूश. सहज साइज बघितली तर जेमतेम हजारभर बाइट! हिशोब सोपा आहे: एका आवाजाला १२८ बाइट, ३२चे ४०९६, आणि पुढेमागे मिळून ८. म्हणजे ४१०४च पाहिजे, एक कमी नाही की जास्त नाही. माझी स्वस्तातली यूएसबी-मिडी केबल मोठा सिसेक्स (आवाजांचा डेटा नेणारा मिडी संदेश) अर्ध्यावर गिळत होती. मित्राचा चांगला इंटरफेस आणला, दीडएक सेकंदात ४१०४ आले. एडिटरमध्ये उघडून बत्तीसही नावं वाचली, मगच झोपलो. पिच बेंडची रेंज, व्हीलची सेटिंग्ज या फाइलमध्ये येत नाहीत. ती वहीत लिहिली.

रविवारी दिवाणावर चादर पसरून काम सुरू. प्लग काढला, स्क्रू काढले, झाकण गाडीच्या बॉनेटसारखं वर. बेत असा की दोन पेन्सिल सेल मालिकेत लावून, मध्ये डायोड घालून, क्लिपांनी जुन्या बॅटरीच्या टोकांना जोडायचे. म्हणजे बॅटरी काढली तरी रॅम उपाशी राहणार नाही. डायोड यासाठी की नवे सेल जुन्या बॅटरीत करंट ढकलू नयेत. बेत चांगला होता. जुनी निघाली, सोल्डर ओढून घेतलं, आणि माझं कोपर वायरला लागलं. क्लिप सुटली. मीटरवर शून्याकडे जाणारा आकडा बघत बसलो.

आता घाई कसली! सावकाश होल्डर सोल्डर केला. (सुट्या सेलवर थेट सोल्डर करू नका, लिथियम तापला की फुटू शकतो.) नवी सीआर२०३२ आत सरकवली, ३.२ व्होल्ट. सगळं नीट बघून स्टेपडाउनवर (व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालू केलं, कारण माझा पीस जपानी, १०० व्होल्टचा. नावांच्या जागी नुसता कचरा.

कॉम्प्युटरवरून फाइल पाठवली. काहीच नाही. परत पाठवली. मग डोक्यात उजेड पडला: चालू केल्यावर इंटर्नल मेमरी प्रोटेक्ट (आतल्या आवाजांवर काही लिहू न देणारं कुलूप) आपोआप ऑन असतं. ते ऑफ केलं, सिस्टीम इन्फो पुन्हा ‘अव्हेलेबल’, तिसऱ्यांदा पाठवली. ११ दाबलं. सनई!

शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, “कुणाचं लग्न काढलंस रे?”

झाकणाच्या आत तारखेची चिठ्ठी चिकटवलीय. खालचा एक सा अजून मधेच मुका होतो, पुढच्या रविवारी की-बेड (पट्ट्यांचा सांगाडा) उघडतो.