बाराशेजारी छत्तीस

मधोमध पिन मारलेल्या पुस्तिकेत एका तावावर शेजारी बसणाऱ्या दोन पानांची बेरीज कायम सारखी येते. ४८ पानांची पुस्तिका असेल तर ४९. पहिल्याशेजारी अठ्ठेचाळिसावं, बाराव्याशेजारी सदतिसावं, अगदी आत चोवीस आणि पंचवीस. छपाईची प्लेट करण्याआधी प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, पसरायचं, एकेक जोडी बघत जायचं आणि कोपऱ्यात सही करायची. छापखाना सुरू केल्यापासून हे काम मी दुसऱ्या कुणावर सोपवलं नव्हतं.

त्या सकाळी दुसरा फॉर्म, म्हणजे एका मोठ्या तावावर एकत्र छापायच्या पानांचा दुसरा संच, तपासत होते. ९ आणि ४०, बरोबर. १६ आणि ३३, बरोबर. तेवढ्यात फोन वाजला. एका ग्राहकाला त्याची बिलबुकं कधी मिळणार ते विचारायचं होतं. "उद्या संध्याकाळी देते," म्हटलं, फोन ठेवला आणि सही केली. त्या बाजूच्या उरलेल्या दोन जोड्या मी पाहिल्याच नव्हत्या. पण पाहिल्यात, अशी माझी पक्की खात्री होती.

दुपारी चारला फोल्डिंगच्या टेबलावरून हाक आली, "ताई, जरा इकडे येता?" बाराव्या पानाशेजारी छत्तिसावं पान आलं होतं आणि तेराव्याशेजारी सदतिसावं. २,००० ताव, पाठपोट छापून झालेले. आणि पुस्तिका दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला एका कार्यक्रमात वाटायची होती.

आधी ग्राहकाला फोन केला. चूक माझी आहे आणि पुस्तिका नऊपर्यंत पोचतील, एवढंच सांगितलं. मग कागद मागवला आणि चुकलेल्या बाजूची प्लेट नव्याने करायला घेतली. साडेसहाला पहिली बाजू छापून झाली आणि तिथे सगळं थांबलं. शाई ओली असताना ताव उलटून दुसरी बाजू छापायला घेतली, तर पहिली बाजू पुसट होते, शाई दुसऱ्या तावाला लागते. माणसं वाढवा, जादा पैसे मोजा, वाळायला लागायचा तो वेळ लागतोच. आम्ही तीन तास बसून राहिलो.

त्या बसण्यातच मशीन चालवणारे काका बोलले. एरवी ते फारसं बोलत नाहीत. "ताई, राग मानू नका. आज सकाळपासून तुम्ही मशीनपाशी अकरा वेळा आलात. दर वेळी निराळंच काम आधी घ्यायला सांगायला. निळ्यावरून काळ्यावर, काळ्यावरून परत लालवर. आज मी छापलं कमी आणि रोलर जास्त धुतले."

मला राग आला नाही, पण त्यांच्याकडे बघायचं धाडस होईना. मी फोन काढला आणि दिवसभरात कुणाकुणाचे फोन आले ते एका कागदावर लिहीत गेले. एकतीस होते. त्यातल्या एकोणीस जणांनी एकच गोष्ट विचारली होती: माझं काम कुठवर आलं? नवी कामं घेऊन आलेले फोन फक्त तीन.

तोवर मी स्वतःला समजावत होते, की धंदा म्हटला की फोन येणारच आणि मालकाने सगळीकडे हजर असायलाच हवं. त्या कागदाकडे बघताना लक्षात आलं, की हे एकोणीस फोन मीच तयार केले होते. तीन दिवसांत देते म्हणून सांगायचं, तीन दिवसांत द्यायचं नाही, मग माणूस विचारणारच. जो जास्त वेळा विचारेल त्याचं काम पुढे ओढायचं, म्हणजे दुसऱ्याचं मागे पडणार आणि मग त्याचा फोन येणार.

रांगांच्या गणितात एक नियम आहे. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने तो १९६१ साली सिद्ध केला. हातात असलेल्या कामांना रोज पूर्ण होणाऱ्या कामांनी भागलं, की एका कामाला सरासरी किती दिवस लागतील ते निघतं. वर्षानुवर्षं कामांची वही समोर असून हा भागाकार मी कधी केला नव्हता. त्या रात्री केला. आत घेतलेली कामं चौदा, दिवसाला हातावेगळी होणारी दोन. म्हणजे सात दिवस. आणि मी सगळ्यांना तीन दिवस सांगत होते! पहाटे उठून काम केलं असतं, झोप कमी केली असती, तरी ही तफावत भरून निघाली नसती, कारण मशीन एकच होतं.

दहाच्या सुमाराला दुसरी बाजू सुरू झाली. पुन्हा थांबणं, मग फोल्डिंग, फॉर्म एकात एक घालणं, पिना, कटिंग. पुस्तिका साडेआठला पोचल्या. कागदाचा आणि रात्रपाळीचा खर्च मी सोसला, तो सोसायलाच हवा होता.

त्यानंतर सगळं आलबेल झालं असं नाही. हिशेबाचं काम अजूनही माझ्याकडून रात्रीवर ढकललं जातं. पण प्रूफ तपासताना फोन बाहेरच्या टेबलावर असतो, आणि कुणी हाक मारून थांबवलंच तर पहिल्या जोडीपासून पुन्हा सुरुवात करते. एका रंगाची कामं एकत्र लावायची, फिक्यापासून गडदाकडे जायचं, हे काकाच ठरवतात. मी मधे पडत नाही. सगळ्यात जड गेली ती तिसरी गोष्ट. एका वेळी आठच कामं आत घ्यायची. नववं आलं तर चालू कामांपैकी एक बाहेर पडल्यावरच मशीनला लावायचं, आणि तारीख त्या हिशेबाने सांगायची.

पहिल्याच आठवड्यात एक जुने ग्राहक आले. मी म्हटलं, "दादा, गुरुवारच्या आधी नाही जमणार." ते माझ्याकडे बघतच राहिले, कारण माझ्या तोंडून त्यांनी 'नाही' कधी ऐकलंच नव्हतं. काम घेऊन ते दुसरीकडे गेले. वाईट वाटलं. दारापर्यंत जाऊन त्यांना परत बोलवावं असं दोनदा मनात आलं. आत टेबलावर एका पुस्तिकेचं प्रूफ पसरलेलं होतं, ३२ पानांचं, बेरीज ३३. मी पहिल्या जोडीपासून सुरुवात केली.