येझदीचा लाल दिवा आणि सेल्फवालीचा हिरवा

मागच्या खेपेला येझदीचा कार्ब्युरेटर उघडून ठेवला होता. तो बसला, गाडी दोन किकमध्ये येते, त्याच्यावर आणखी काही सांगण्यासारखं नाही. हा सगळा महिना दिव्यांमध्ये गेला. डोक्यावर नवतपा, म्हणजे मे अखेरचं सगळ्यात कडक ऊन, पत्र्याखाली काम आणि हातात टेस्ट लॅम्प.

गाड्या दोन. माझी 1984 ची येझदी मोटरसायकल, 6 व्होल्टची, डायनामोवाली (डायनामो म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज करणारा). आणि थोरल्या भावाची 2004 ची सेल्फ स्टार्टवाली, पाच हातांतून फिरून आमच्याकडे आलेली. तिची कंपनी सांगत नाही, कारण बिघाड कंपनीचा नव्हताच. मधल्या कोणीतरी केलेला जुगाड होता.

आधी येझदी. आर्वीच्या बाजारातून परत येताना दिवेलागणीला हेडलाइट पिवळा पडला, मग गाडी ठसकली, मग बंद. बॅटरी उतरलेली. येझदीचं इग्निशन बॅटरीवर चालतं, बॅटरी गेली की ठिणगीही गेली. पण चार्जिंगचा लाल दिवा, बॅटरी चार्ज होत नसली की पेटणारा, तो तर वाटेत पेटलेला दिसलाच नव्हता. हेडलाइट बंद केला, पाच मिनिटं धुऱ्यावर बसलो, पुन्हा चावी फिरवली आणि अंधारात पाहिलं. दिवा होता. विझत आलेल्या विडीच्या टोकाएवढा. म्हणजे तो अख्खा रस्ता पेटलेलाच होता, उन्हात मला दिसला नाही इतकंच.

घरापर्यंत ढकलत आणली. सकाळी बल्ब काढला तर त्यावर 12 व्होल्ट. दुकानात "छोटा बल्ब द्या" म्हणून मागितलेला, त्यानं दिला, मी बसवला. अर्ध्या व्होल्टेजवर बल्बचा उजेड अर्धा होत नाही, दहाव्या हिश्शावर येतो. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात तो दिसणार कुठून!

या लाल दिव्याची जोडणी मला फार आवडते. त्याच्या एका टोकाला चावीमार्गे बॅटरीचा प्लस, दुसरं टोक डायनामोच्या 61 नंबरच्या टर्मिनलवर. इंजिन बंद असताना डायनामोच्या बाजूला काहीच नसतं, करंट दिव्यातून आर्मेचरमार्गे (डायनामोतली फिरती गुंडाळी) बॉडीला, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडलेल्या गाडीच्या लोखंडाला जातो आणि दिवा पेटतो. डायनामो फिरून बॅटरीच्या बरोबरीला आला की दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज, मग दिव्यातून जायला काही उरत नाही. दिवा विझतो. वेगळा स्विच नाही, काही नाही. आणि गंमत अशी की चावी लावल्यावर तो पेटलाच पाहिजे, म्हणजे बल्बची परीक्षा रोज आपोआप होते. मी ती परीक्षा कधी घेतलीच नव्हती, चावी लावली की थेट किक.

मूळ दुखणं कार्बनचं होतं, म्हणजे आर्मेचरवर घासून करंट बाहेर काढणाऱ्या तुकड्यांचं. एक कार्बन होल्डरमध्ये अडकून बसला होता. नवे कार्बन टाकले, कार्बन ज्यावर घासतात तो कॉम्युटेटर बारीक पॉलिश पेपरनं पुसला, 6 व्होल्टचा बल्ब लावला. आता चावी लावली की भर दुपारी लालभडक दिसतो.

आता भावाची गाडी. हिच्यावर मी जास्त डोकं घातलं, कारण हिनं भाच्याला पाडलं असतं.

भाचा गोठ्यासमोर गाडीवर बसला, क्लच दाबलेला, सेल्फ मारला, गाडी सुरू. हिरवा दिवा पेटलेला पाहून त्यानं क्लच सोडला. गाडीनं उडी घेतली ती सरकी ढेपेच्या पोत्यांवर. पोती होती म्हणून बरं, पलीकडे भिंत होती.

"मामा, हिरवा पेटला होता ना! म्या पाह्यला."

"अन् गिअर?"

"दिवा पेटला तं न्यूट्रलच असंन ना?"

पोरगा खोटं बोलत नव्हता. मी स्वतः बसून पाहिलं. पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबला की हिरवा पेटतो, सोडला की विझतो.

न्यूट्रलचा दिवा कसा पेटतो? त्याला चावीवरून प्लस मिळतो आणि त्याची दुसरी वायर गिअरबॉक्सवरच्या स्विचला जाते. न्यूट्रलला तो स्विच वायर बॉडीला लावतो. सेल्फच्या मोटरला करंट सोडणाऱ्या चुंबकी स्विचचं, म्हणजे रिलेचंही तसंच, त्याच्या कॉईलला बॉडी मिळाली की रिले ओढतो आणि सेल्फ लागतो. या गाडीत ती बॉडी दोन वाटांनी मिळते, क्लच स्विचमधून किंवा न्यूट्रल स्विचमधून. म्हणूनच न्यूट्रलला क्लच न दाबता सेल्फ लागतो आणि गिअरमध्ये दाबावा लागतो. आता या दोन वाटा नुसत्या वायरीनं जोडल्या तर क्लच दाबताच दिव्यालाही क्लच स्विचमधून बॉडी मिळते आणि गाडी गिअरमध्ये असली तरी हिरवा पेटतो. हे होऊ नये म्हणून न्यूट्रलच्या वाटेत एक डायोड असतो. तो करंट रिलेकडून न्यूट्रल स्विचकडे जाऊ देतो, उलटा येऊ देत नाही.

टाकीखाली हात घातला तर डायोडच्या जागी वायरचा तुकडा, वर चिकटपट्टी. कधीतरी डायोड आतून तुटला असेल, न्यूट्रलला सेल्फ लागेना झाला असेल, आणि कोणीतरी दोन मिनिटांत "काम केलं" असेल. सेल्फ लागायला लागला, गिऱ्हाईक खूश.

इथं माझीही फजिती सांगून टाकतो. मी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून 1एन4007 डायोड आणला, कथिलाचा डाग मारून बसवला, दिवा शहाणा झाला. पंधरा दिवसांनी पुन्हा क्लच दाबला की हिरवा. मीटर लावला तर डायोड शॉर्ट, करंट दोन्ही बाजूंनी जाऊ देणारा. तेव्हा कुठे रिलेच्या कॉईलचा रेझिस्टन्स मोजला, साधारण 4 ओहम. 12 भागिले 4, म्हणजे 3 अँपिअर, आणि माझा डायोड 1 अँपिअरचा. हे गणित आधी करायला पाहिजे होतं. आता 6 अँपिअरचा टाकला आहे, डायोडच्या एका टोकावर पट्टी असते, ती बाजू न्यूट्रल स्विचकडे. तुम्ही टाकाल तर पट्टी नक्की पाहा, उलटा लागला तर न्यूट्रलला सेल्फ लागणार नाही आणि क्लच दाबला की हिरवा पुन्हा पेटेल.

या प्रकरणानंतर मी प्रत्येक दिव्याला एकच प्रश्न विचारतो. तुझी वायर तुटली तर तू काय दाखवशील, आणि फ्रेमला घासून सोलली तर काय? न्यूट्रलची तुटली तर दिवा लागत नाही, त्यात धोका नाही. सोलली तर कायम हिरवा, आणि तो ढेपेच्या पोत्यावर नेतो. तपासायला सोपं आहे. स्विचवरची वायर काढा, तरी दिवा पेटलेला राहिला तर ती कुठेतरी बॉडीला लागली आहे. विझला तर वायर ठीक. मग तीच वायर इंजिनला टेकवा, पेटला तर बल्बही ठीक आणि दोष स्विचमध्ये. आमच्याकडे वायरी सोलण्याचं काम मुख्यतः उंदीर करतात. गोठ्यात ठेवलेल्या गाडीची सीट महिन्यातून एकदा उघडलीच पाहिजे.

मागच्या ब्रेकच्या दिव्याचा स्विच स्प्रिंगवाला आहे, त्याची स्प्रिंग ताणून गेली होती, बदलली. झालं.

आता चालू काम. येझदीला मी नंतर साइड स्टँड लावलेला आहे. पावसाळ्यात वावरातून आलो की काळी माती त्याच्या सांध्यात अशी बसते की स्टँड अर्धाच वर जातो. डावीकडे वळताना तो रस्त्याला लागला तर काय होतं ते सांगायला नको. म्हणून फ्रेमवर रीड स्विच (चुंबक जवळ-दूर झाला की चालू-बंद होणारा) आणि स्टँडवर चुंबक बसवतो आहे. स्टँड खाली असला की दिवा. चुंबक असा लावायचा की स्टँड अर्धा वर असला तरी दिवा पेटलेलाच राहील, पूर्ण वर गेल्यावरच विझेल. तीन जागा चुकल्या, चौथी बरी वाटते.

भाऊ म्हणतो, "इंजिनच बंद पडन असं कर ना." नव्या गाड्यांत तसं असतं हे खरं, पण मी करणार नाही. येझदीत इग्निशन बंद करायचं तर तो स्विच इग्निशन कॉईलच्या प्लसमध्ये घालावा लागेल, आणि माझ्या हातच्या त्या जोडात चिखल शिरला तर गाडी रात्री रस्त्याच्या मधोमध बंद. दिवा पुरे. शिवाय गाडी स्टँडवर असतानाच मी चावी लावतो, म्हणजे लाल दिव्यासारखी याचीही परीक्षा रोज होईल.

चुंबक एपॉक्सीनं चिकटवून वरून सुतळी बांधली आहे. आकाश भरून आलंय, पेरणीआधीचा पाऊस आजच येईलसं दिसतं. उद्या सुतळी सोडून गाडी सरळ चिखलात घालणार आहे.