काम दुसरेच करतात, मग तुम्ही काय करता?

दोहाहून सुट्टीला आलो की जुळे सोलापुरात कुणी ना कुणी विचारतंच. सिव्हिल इंजिनिअरिंगला असलेला भाचाही तेच म्हणतो, "मामा, सगळं काम सब-कॉन्ट्रॅक्टर करतात, मग तुमची कंपनी नुसता कट खाते का?" आज तुम्ही विचारलंत म्हणून सांगतोच.

आम्ही जबाबदारी घेतो. 'फिडिक' या आंतरराष्ट्रीय इंजिनिअर संघटनेच्या 1999 च्या लाल पुस्तकातलं, म्हणजे बांधकामाच्या नमुना करारातलं, कलम 4.4 म्हणतं, सब-कॉन्ट्रॅक्टरची चूक ती मुख्य ठेकेदाराचीच चूक. मुख्य ठेकेदार म्हणजे आम्ही, त्यामुळे इमारतीचा मालक मान आमची धरतो. नाही ना पटलं? मग सीलिंगचं ऐका.

चिल्ड वॉटरच्या, म्हणजे एसीच्या थंड पाण्याच्या, पाइपांची प्रेशर टेस्ट मालकाच्या कन्सल्टंटसमोर व्हायची होती. त्याआधीच जिप्समवाल्यानं सीलिंग बंद केलं. तो म्हणे, पाइपवाल्यानं 'हो' म्हटलं. पाइपवाला म्हणे, मी कुठं म्हटलं? कागद कुणाकडेच नाही. पाइपवाल्याचा फोरमन अक्कलकोटकडचा. "साहेब, टेस्ट आम्ही घेतलीय. फोडू नका."

मी फोडायला लावलं. रंग दिलेलं जिप्सम कटरनं कापलं, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. पंपानं प्रेशर चढवलं आणि आम्ही गेजकडे बघत उभे. काटा जागचा हलला नाही. कुठं थेंब नाही.

तरी सीलिंगचा खर्च मी पाइपवाल्याच्या बिलातून कापला. फोरमन म्हणाला, "गळलं असतं तर कापायचं होतं. गळलंच नाही की!" पण त्याच पुस्तकातल्या कलम 7.3 ला गळण्याशी देणंघेणं नाही. तपासणीला न बोलावता काम झाकलं गेलं, तर उघडायचा आणि पुन्हा करायचा खर्च ज्यानं बोलवायचं त्याचा. बोलवायचं काम पाइपवाल्याचं होतं. जिप्समवाला कसा सुटला? इमारत मालकाच्या ताब्यात द्यायचं हँडओव्हर तोंडावर होतं आणि तो माणसं काढून न्यायची भाषा करत होता. हेही लिहून ठेवा.

त्यात पाइपवाल्याचं आधीचं बिल आमच्याकडेच थकलेलं. आम्हाला मालकाकडून पैसे मिळाले की तुम्हाला, ही अट. ब्रिटननं 1996 च्या कायद्यानं ती बाद केली, वरच्याचं दिवाळं निघालं तर तेवढा अपवाद. आमच्या करारात ती होती. मालकानं उशीर केला तर कलम 14.8 खाली आम्ही व्याज मागू शकतो. जबाबदारीची सगळी कलमं सब-कॉन्ट्रॅक्टमध्ये उतरली, हे व्याजाचं तेवढं मालकाबरोबरच्या आमच्या करारातच राहिलं. मसुदा माझा नव्हता. राबवत मी होतो.

साइटवर नवा होतो तेव्हा मीच ऑफिसवाल्यांना शिव्या घालायचो. माझ्यातल्या तेव्हाच्या त्या पोराला आज विचारतो, वर्षभरानं गळलं असतं तर? तो म्हणतो, फोरमनच्या माणसांच्या पगाराचं काय? कतारमध्ये 2015 पासून पगार बँकेतूनच द्यावा लागतो. पण पाइपवाल्याच्या खात्यातच पैसे नसतील तर बँक काय देणार? मी म्हणतो, करार वाच. तो म्हणतो, वाचलाय, म्हणूनच विचारतोय.