मोजे आणि वाढदिवस

आज ब्रिटिश म्युझियममध्ये रोमन ब्रिटनच्या दालनात शिरले आणि विंडोलँडाच्या, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या एका रोमन किल्ल्यात सापडलेल्या, पत्रांपाशीच अडकले. पत्रं कसली, पोस्टकार्डाएवढे लाकडाचे पापुद्रे, त्यावर शाईचे फिकट फराटे! साधारण इ. स. १०० ची, म्हणजे रोमन सम्राट हेड्रियनची तिथली सरहद्दीची भिंत (इ. स. १२२) बांधायच्याही आधीची. एकात कुणाला तरी मोजे, सपाता नि दोन आतल्या चड्ड्या पाठवल्याचं लिहिलंय. उत्तरेतली थंडी, बिचारा! पण मी खिळले ती क्लॉडिया सेवेरा या रोमन अधिकाऱ्याच्या बायकोच्या पत्रापाशी. ११ सप्टेंबरला माझा वाढदिवस, नक्की ये, असं मैत्रीण लेपिडिनाला आवतण. मजकूर लेखनिकाचा, शेवटच्या ओळी मात्र तिच्या हातच्या, जरा वाकड्यातिकड्या. नवरा म्हणाला, "चल ना, भूक लागलीय." म्हटलं, थांब रे, मैत्रिणीला 'बहिणी' म्हणून हाक मारतेय ती.