पान लागलं (साप चावला), औषध पिलं, फिट आली: आधी हात कशाला लावायचा?

नर्सिंगच्या परीक्षेत ‘सर्वांत आधी काय कराल?’ असं विचारतात तेव्हा चारही पर्याय बहुतेक वेळा बरोबरच असतात. ऑक्सिजन लावा, बीपी बघा, आयव्ही लावा, डॉक्टरांना कळवा. चूक एकही नाही, म्हणून तर पोरं अडकतात. कॅज्युअल्टीत तेवढे छापील पर्यायही नसतात. तालुक्याच्या रुग्णालयात पहाटे पाचला एक सिस्टर, एक मावशी आणि दारात तीन पेशंट असतात.

क्लासमध्ये ‘आधी असेसमेंट (पेशंटची तपासणी), मग कृती’ असं घोकून घेतात. ते अर्धंच खरं आहे. प्रश्नात ‘श्वास मिनिटाला ८, ओठ निळे’ असं दिलेलं असेल तर असेसमेंट झालेलं आहे. तिथं परत बीपीचा पट्टा गुंडाळत बसायचं नाही, हनुवटी उचलायची आणि अंबू, म्हणजे दाबून श्वास द्यायची पिशवी, हातात घ्यायचा. ‘पेशंट अस्वस्थ आहे’ एवढंच दिलेलं असेल तर मात्र आधी बघायचं. आणि ‘डॉक्टरांना कळवा’ हे पहिलं उत्तर कधी? आपल्या हातानं त्या मिनिटाला करण्यासारखं काही उरलेलं नसेल तेव्हा. रक्त चढताना पेशंटला हुडहुडी भरली, कंबर दुखायला लागली, तर आधी रक्त बंद. मग सेट बदलून नॉर्मल सलाईनवर शीर चालू ठेवायची, मग फोन. पिशवी फेकायची नाही, ती सेटसकट रक्तपेढीला परत जाते.

आता त्या तीन पेशंटकडं. मोटरसायकलवरून पडून पाय मोडलेला तरुण, तो ओरडतोय. जुलाबानं थकलेली आजी. आणि पंधरा वर्षांचा एक पोरगा, गप्प पडलेला, पोट दुखतंय म्हणून आणलेला. सगळे नातेवाईक पाय मोडलेल्याकडं ओढतात. पण जो ओरडतोय त्याची हवेची वाट मोकळी आहे, हे त्याच्या ओरडण्यातूनच कळतं. आधी गप्प पोराकडं जा आणि एकच विचारा, रात्री कुठं झोपला होता? जमिनीवर झोपला असेल आणि पापण्या जड झाल्या असतील, तर मण्यार चावलेली असू शकते. मण्यारीच्या दंशाला सूज नसते, खूण बहुतेकदा सापडत नाही, चावलेलं झोपेत कळतही नाही. त्याला वर बघायला लावा आणि मिनिटभर नजर वरच ठेवायला सांगा. पापण्या खाली येत गेल्या तर विष मज्जातंतूंवर चाललंय. मग एका दमात किती आकडे मोजता येतात ते बघून वेळेसकट लिहा. पुढच्या वेळी आकडा कमी भरला, तर श्वास कधी अडकेल याचा अंदाज सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) पडायच्या आधी येतो.

घोणस किंवा फुरसं असेल तर गोष्ट रक्ताची. रक्त गोठतंय का बघायची वीस मिनिटांची टेस्ट सगळ्यांना माहीत असते आणि तीच सगळ्यात जास्त बिघडवली जाते. शिरेतून ताजं २ मिली रक्त, काचेची नवी कोरडी ट्यूब, उभी ठेवायची, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करायची. रक्त वाहिलं तर गोठण बिघडलेली आहे. ट्यूब साबणानं धुतलेली असेल किंवा प्लास्टिकची असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि नसलेलं विष दिसतं. मधेच हलवून ‘झालं का’ बघितलं तरी टेस्ट वाया. शंका असेल तर सोबत आलेल्या नातेवाइकाचं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये शेजारी ठेवा. त्याचंही गोठलं नाही तर दोष ट्यूबचा. पहिल्यांदा रक्त गोठलं म्हणून पेशंटला घरी पाठवायचं नाही, टेस्ट पुन्हा पुन्हा लागते.

सर्पविषाच्या लसीची, म्हणजे विषावरच्या उताऱ्याची, बाटली १० मिली पाण्यात हळू फिरवून विरघळवायची. खळखळून हलवली की फेस धरते. सुरुवातीचा डोस साधारण १० बाटल्या, सलाईनमध्ये घालून तासाभरात. लहान मुलालाही तेवढाच, कारण सापानं विष वजन बघून सोडलेलं नसतं. पण बाटली टोचायच्या आधी लसीची ॲलर्जी उठली तर द्यायचं ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी हवं. अंगावर गांधी उठल्या, ओकारी आली, खोकला लागला, बीपी उतरलं, की लस थांबवा आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या माणसाला अर्धा मिली ॲड्रेनॅलिन स्नायूत द्या. गोठण बिघडलेल्या पेशंटला एरवी स्नायूत सुई टोचायची नाही, धनुर्वाताचं इंजेक्शनही नंतर. ॲड्रेनॅलिन त्याला अपवाद. दंडाला करकचून दोरी बांधून आणली असेल तर ती आल्या आल्या कापायची घाई नको. लस चालू आणि श्वास देण्याची तयारी झाल्यावर सैल करा.

‘औषध पिलं’, म्हणजे शेतात फवारायचं विष पोटात गेलं, म्हणून आणलेल्या पेशंटला लोक आधी पोट धुवायला घेतात. नळी घालताना पेशंट ओकतो आणि ते फुप्फुसात जातं. तोंडाला फेस, बाहुली टाचणीएवढी, छाती घरघरतेय, असं चित्र असेल तर डाव्या कुशीवर घ्या, सक्शन (तोंडातला फेस मशीननं ओढणं), ऑक्सिजन आणि या विषावरचा उतारा ॲट्रोपीन. ऑक्सिजन सिलिंडर यायचाय म्हणून ॲट्रोपीन थांबवायचं नाही. ०.६ मिलिग्रॅमचे ३ ते ५ ॲम्प्यूल एकदम, ५ मिनिटांनी परत छाती ऐका, फरक नसेल तर दुप्पट. तीनचे सहा, सहाचे बारा असं चढत जातं, म्हणून पहिल्या डोसलाच मावशीला स्टोअरमधून पूर्ण खोका आणायला सांगा. कपडे काढून अंग साबणपाण्यानं धुणं यात बसवायचंच, हातात ग्लोव्हज घालून. मोनोक्रोटोफॉससारखं कीटकनाशक कातडीतूनही आत जातं.

दुप्पट करणं थांबवायचं कधी? बाहुली बघून नाही, ती मागाहून मोठी होते. छाती स्वच्छ वाजली, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, काख कोरडी, एवढं झालं की थांबा. मग जेवढं ॲट्रोपीन लागलं त्याच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून. जास्त झालं तर पेशंट बरळतो, अंग तापतं, पोटाचे आवाज बंद होतात, लघवी तुंबते. मराठवाड्यात मे महिन्यात वॉर्डच भट्टी असतो आणि ॲट्रोपीननं घाम आटलेला. त्या तापाला इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक चढवण्याआधी ड्रिपचा वेग बघा.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी पेशंट उठून चहा पितो आणि सगळे सैल पडतात. प्रत्येक राउंडला त्याला उशीवरून डोकं उचलायला सांगा. मान उचलत नसेल तर पुढचा नंबर श्वासाच्या स्नायूंचा. याला दोन सेकंद लागतात, तरी ते कुठल्याच चार्टवर नसतं.

आणि पिलेल्या औषधाची बाटली मागवाच. सगळी औषधं एक नसतात. तणनाशक पॅराक्वॉट असेल तर सवयीनं लावलेला ऑक्सिजन फुप्फुस अजून जाळतो. तिथं सॅच्युरेशन खरंच घसरल्याशिवाय मास्क चढवायचा नाही.

गरोदर बाईला फिट आली की नातेवाईक कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, कुणी दातात चमचा घालतं. हे सगळं बाजूला. कूस डावी, तोंड साफ, ऑक्सिजन, मग मॅगसल्फ, म्हणजे फिट थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट. ५० टक्क्यांचा २ मिलीचा ॲम्प्यूल म्हणजे १ ग्रॅम. चार ॲम्प्यूल अधिक १२ मिली सलाईन, असे २० मिली शिरेतून सावकाश, निदान ५ मिनिटं. शिवाय दोन्ही कुल्ल्यांत खोल ५-५ ग्रॅम. पुढच्या प्रत्येक डोसआधी तीन गोष्टी: श्वास १६ तरी, गुडघ्यावर ठोकलं की पाय उडतोय, लघवी तासाला ३० मिली तरी. गुडघा उडाला नाही तर डोस थांबवा. मॅगसल्फ जास्त झालं तर त्याचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची १० मिलीची बाटली त्याच ट्रेमध्ये असू द्या.

‘लकवा मारला’ म्हणून आलेल्या प्रत्येकाची साखर आधी बघायची, सीटीची चिठ्ठी नंतर. साखर उतरली की अर्धं अंगही लुळं पडू शकतं. बेशुद्ध असेल तर तोंडात गूळ कोंबायचा नाही, २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली मोठ्या शिरेतून द्यायचं. ग्लिमेपिराईड ही मधुमेहाची गोळी घेणारा पेशंट डोळे उघडून घरी निघतो आणि रात्री परत घसरतो, विशेषतः किडनी अधू असेल तर. त्याला ठेवून घ्या.

एक तक्रार करायचीच आहे. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर खालपासून वरपर्यंत सगळ्यांचा श्वास ‘२०’ लिहिलेला असतो. घड्याळ न बघता. बिघडायला लागलेल्या पेशंटमध्ये बीपी शेवटी पडतं, श्वास फार आधी वाढतो, आणि आपण नेमका तोच आकडा मनानं टाकतो. पूर्ण मिनिट मोजा. डॉक्टरांना रात्री उठवतानाही ‘सर, पेशंट बरा वाटत नाही’ म्हटलं की ‘बघतो’ असं उत्तर येतं. ‘श्वास १८ वरून ३०, सॅच्युरेशन ८८, ऑक्सिजन चालू केलाय, तुम्ही यायला पाहिजे’ म्हटलं की माणूस निघतो.

अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाला पाठवायचं ठरलं तर गाडी येईपर्यंत हात बांधून बसायचं नाही. पहिला डोस इथंच सुरू करून पाठवा, रस्त्यात तास-दोन तास सहज जातात. चिठ्ठीवर लस किती बाटल्या, किती वाजता सुरू, ॲट्रोपीन एकूण किती, टेस्टचा निकाल, शेवटचा श्वास आणि किती वाजता मोजला, हे लिहा. पेशंट गाडीत चढवण्याआधी अंबूचा मास्क त्याच्या तोंडाला नीट बसतो का ते लावून बघा. पोराला मोठ्यांचा मास्क दिलेला असतो आणि ते निम्म्या वाटेत कळतं.