परक्याच्या जिभेवर

घरी केलेल्या बिअरला वाईट म्हणणारा मित्र अजून जन्माला यायचाय. ती फुकट असते, गार असते आणि करणारी व्यक्ती समोर बसून पहिल्या घोटाकडे टक लावून बघत असते. अशा वेळी माणूस ‘मस्त जमलीय’ म्हणून मोकळा होतो. फारच सत्यवचनी असला तर ‘वेगळी आहे’ म्हणतो आणि विषय बदलतो. या कौतुकाचा एकदा कंटाळा आला आणि माझी स्टाउट, म्हणजे भाजलेल्या धान्याची काळसर बिअर, स्पर्धेला पाठवायचं मी ठरवलं. तिथे पिणाऱ्याला माझं नाव माहीत नसणार आणि मला दुखावण्याची भीडही नसणार.

घरगुती बिअरच्या स्पर्धांत बहुतेक ठिकाणी बीजेसीपीची पद्धत चालते. बिअरचे परीक्षक घडवणारी आणि बिअरच्या प्रकारांची वर्णनं ठरवणारी ही अमेरिकेतली संस्था १९८५पासून आहे. तिची गुणपत्रिका ५० गुणांची. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकूण प्रभावाला १०. रूपाला तीनच गुण बघून मी जरा हिरमुसले. ग्लास खिडकीशी धरून स्टाउटच्या कडेची लालसर झाक न्याहाळण्यात मी किती संध्याकाळी घालवल्या असतील! नाकाला मात्र रूपाच्या चौपट मान. ते पटतंही. वास ग्लास ओठांशी येण्याआधीच पोचतो आणि काही मिनिटांत विरूनही जातो. म्हणून तर परीक्षक ओतल्या ओतल्या आधी हुंगतात आणि मग बाकीचं बघतात.

बिअर तयार असली तरी ती कुठल्या गटात पाठवायची, हा प्रश्न उरतोच. मी करायला बसले होते साधी आयरिश स्टाउट. मोजल्यावर मद्यांश निघाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास. आयरिश स्टाउटची मजल पाच टक्क्यांपर्यंत, त्याच्या पुढे आयरिश एक्स्ट्रा स्टाउटचा गट सुरू होतो. मनात काय होतं ते परीक्षकाला चाखता येत नाही, त्यामुळे बिअर जशी झाली तशी पाठवायची, जशी करायची होती तशी नाही. आणि गट चुकला तर चांगली चवही अंगाशी येते. गव्हाच्या जर्मन वाइसबिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास नसेल तर गुण जातात. तोच वास पिल्सनरमध्ये, म्हणजे फिक्या सोनेरी, स्वच्छ चवीच्या बिअरमध्ये आला तर त्यानेच गुण जातात. हा वास सोडणारं यीस्ट, म्हणजे साखरेचं मद्य करणारी सूक्ष्म बुरशी, बिचारं आपलं काम करून गेलेलं असतं.

आता दोष शोधायचे. आपल्या बिअरचे दोष आपल्याला लागत नाहीत, सवयीने ते चवीचा भाग होऊन बसतात. त्यावर मला सगळ्यात आवडलेला उपाय म्हणजे डायअसेटिलची चाचणी. डायअसेटिल म्हणजे बिअरमधला लोण्यासारखा वास. किण्वन संपल्यावर तो नसला तरी तो ज्याच्यापासून बनतो ते द्रव्य बिअरमध्ये शिल्लक असू शकतं आणि बाटलीत हळूहळू त्याचं लोणी होत राहतं. म्हणजे घरून निघताना शहाणी असलेली बिअर परीक्षकाच्या टेबलावर भलतंच काही बोलू शकते. म्हणून बिअर बाटलीत भरण्याआधी दोन ग्लासांत थोडीथोडी काढायची आणि दोन्ही झाकायचे. एक ६५ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचा, मग दोन्ही गार करून हुंगायचे. उष्णतेने ते रूपांतर चटकन होतं. गरम केलेल्या ग्लासाला लोण्याचा वास आला, तर यीस्टला अजून काही दिवस जरा उबेत राहू द्यायचं; आपण केलेलं डायअसेटिल यीस्ट स्वतःच खाऊन टाकतं. इतका प्रामाणिक सल्ला मला कुठल्याही मित्राने दिलेला नाही.

मित्रांचाही उपयोग होतो, फक्त त्यांना मत विचारायचं नाही. तीन ग्लास ठेवायचे. दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसऱ्या बॅचची. वेगळा ग्लास कुठला, एवढंच विचारायचं. इथे भीड उपयोगाची नाही, ओळखावंच लागतं. मंडळी एकदम गंभीर होतात, भुवया आक्रसतात, आणि एरवी ग्लास गटागटा रिकामा करणारा माणूस पाच मिनिटं घोट तोंडात घोळवतो. कुणालाच फरक ओळखता आला नाही, तर ज्या बारकाव्यासाठी मी जीव टाकत होते तो माझ्या डोक्यातच होता असं समजावं.

बाटल्या भरणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात घातकी काम. हवेतल्या ऑक्सिजनने बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते, म्हणून नळी बाटलीच्या तळाशी धरून न खळखळवता भरायचं. उजेडाने हॉप्समधली, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली, द्रव्यं बिघडून उग्र दर्प सुटतो, म्हणून काच तपकिरी. लिटरला सहा-सात ग्रॅम साखर घातली की बुडबुड्यांची सोय झाली.

मग बाटल्यांची ओळख पुसायची. माझ्या स्टाउटला मी हौसेने नाव ठेवलं होतं, लेबल रंगवलं होतं. ते गरम पाण्यात भिजवून खरवडलं. झाकणावर छपाई असेल तर तीही काळ्या मार्करने घालवायची. आता नावं ठेवायचं काम परीक्षकांचं. कागदी चिठ्ठी चिकटवायची नाही, रबरबँडने अडकवायची. आणि खोक्यात सगळ्या उभ्या, प्रत्येकीला वेगळं गुंडाळून.

टेबलावर परीक्षक बहुधा जोडीने बसतात, आणि त्यांच्यापुढे अशा बिननावाच्या बाटल्यांची रांग असते. माझ्या वाट्याला थोडेसे घोट आणि एक कागद. तिशीत गुण मिळाले तरी ‘फार चांगली’ म्हणतात, ३८च्या पुढे ‘उत्कृष्ट’. पदकाचं मी मनावर घेतलेलं नाही असं सगळ्यांना सांगते (थोडं घेतलंय). हवाय तो कागद. त्यासाठी त्याच बॅचमधल्या दोन बाटल्या बाजूला काढल्यात. एक फ्रिजमध्ये आणि दुसरी बाहेर कपाटात, कारण पाठवलेलं खोकंही वाटेत गरमच होत जाणार. परीक्षकाने पुठ्ठ्याची चव लिहिली आणि फ्रिजमधल्या बाटलीत ती सापडली नाही, तर कपाटातली उघडायची. तिच्यातही नसेल, तर मात्र मी वाद घालणार आहे.