हवालदारमामा

हीरक महोत्सवी अंकात शिक्षकांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी शिपायावर लिहितो आहे. १९७८ ते १९८५ या काळात परळच्या आपल्या शाळेत जे होते, त्यांना हवालदारमामा कोण हे सांगायला नको. गेल्या पावसाळ्यात ते गावी, साताऱ्याकडे, वारले.

मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, म्हणजे जंगी पलटणीतून निवृत्त झालेले. गिरणगावातली आम्ही पोरं मुंबईचा तोरा मिरवायला लागलो की म्हणायचे, "आमची पलटण १७६८ साली मुंबईतच उभी राहिली. तुमचे आजे कोकणातून बोटीनं यायच्या कितीतरी आधी!"

ऑफ तासाला आमचा हट्ट एकच, जमालपूर सांगा. डिसेंबर १९७१, बांगलादेशचं युद्ध. गावकऱ्यांच्या होड्यांतून ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण जमालपूरच्या पाठीमागे, टांगाईलच्या रस्त्यावर दबा धरून बसली. आत पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण कोंडलेली. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली. बलुचांचे कर्नल सुलतान अहमद यांनी उलट चिठ्ठी पाठवली, तीत गुंडाळलेली बंदुकीची गोळी! १० डिसेंबरच्या रात्री ते वेढा फोडायला निघाले आणि सरळ मराठ्यांच्या माऱ्यात आले.

आम्हाला पुढची धुमश्चक्री हवी असायची. मामा मात्र गोळीपाशीच रेंगाळायचे. "मर्दाचं उत्तर होतं ते. सकाळी बघितलं, तर आमच्यासारखीच पोरं. कुणाच्या खिशात घरची पत्रं." कुणी त्या पोरांना शिवी हासडली तर लगेच, "ए, तू होतास का तिथं? गप बस." पंधरा ऑगस्टला पाहुणे माइकवरून शत्रूला चिरडायला निघाले, की मामा पाण्याची टाकी बघायच्या निमित्तानं गच्चीवर जायचे. शत्रूचा मान राखून बोलणारा माणूस मी पहिल्यांदा शाळेत पाहिला, आणि तो व्यासपीठावर कधीच नसायचा.

१९८२ चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांचे डबे बंद झाले. मामांच्या स्टुलाखाली चणे-कुरमुऱ्यांची पिशवी दिसू लागली. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

एका प्रजासत्ताकदिनी मुख्याध्यापकांनी त्यांना बळेच माइकपुढे उभं केलं. छातीवर पदकं, इस्त्रीचा शर्ट. साऱ्या शाळेचे कान टवकारलेले. मामांनी घसा साफ केला. "पाय कोरडे ठेवा. मोजे ओले असले तर काढून पिळा, बोटांच्या मधी पुसा, मग घाला. पाय गेला की शिपाई गेला. पावसाळ्यात निम्मी पोरं पाय खाजवत बसत्यात, मी बघतो." मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "मामा, युद्धाबद्दल दोन शब्द…"

"युद्धाचंच सांगतोय, साहेब," मामा म्हणाले, आणि नखं कशी कापायची ते सांगू लागले.